गाडी उलाळ झाली: मोटरहोमच्या शेपटीचं ओझं आणि मागचा एक्सल

ठोसेघरकर (सातारा)

मंडळी, एक अनुभव सांगतो आणि त्यातून पडलेले दोन प्रश्न विचारतो. थोडं लांबेल, पण आकडे सगळे देणार आहे. हेच आकडे आधी काढले असते तर पुढचा प्रसंग आलाच नसता.

शाळेच्या फेऱ्या करून थकलेली एक २६ आसनी गाडी घेऊन दोन वर्षांपूर्वी तिचं फिरतं घर करून घेतलं. मागे पलंग, पलंगाखाली २०० लिटरची पाण्याची टाकी, तिच्या शेजारी इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या, मधे ओटा. आणि मागच्या बंपरच्या बाहेर लोखंडी कॅरिअर, त्यावर आडवी लावलेली स्कूटर. मोठी गाडी एकदा मुक्कामाला लागली की दुधाच्या पिशवीसाठी ती परत हलवणं नको वाटतं, म्हणून स्कूटर.

जुलैत कासला निघालो होतो. यवतेश्वरचा घाट, पाऊस, वर धुकं. एका डाव्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच चालली. एक क्षणभरच, पण समोरून एसटी येत होती. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला, पुढच्या चाकांनी पुन्हा रस्ता धरला आणि गाडी वळली. मागे बायको आणि दोन्ही मुलं होती. पठारावर पोचून गाडी उभी केली, तेव्हाही हात थरथरत होते. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. चढावर स्टिअरिंग नेहमीच फार हलकं लागायचं, आणि मी ते गाडीचं चांगलं लक्षण समजत होतो. रात्री समोरचे लोक डिपर मारायचे, माझे दिवे खालीच असताना.

दुसऱ्या दिवशी गाडी वजनकाट्यावर घातली. बनवून देणाऱ्याने मला एकच आकडा सांगितला होता, एकूण वजन. गाडीवरच्या कंपनीच्या पाटीवर मर्यादा अशा: एकूण ४,३०० किलो, पुढचा एक्सल (चाकांची जोडी धरणारा आस) १,७००, मागचा २,९००. काट्यावर भरल्या गाडीचे असे आले:

पुढची चाकं १,१७०
मागची चाकं ३,०१०
एकूण ४,१८०

म्हणजे एकूण वजन मर्यादेच्या आत, १२० किलो शिल्लक. आणि मागचा एक्सल मात्र ११० किलोनं जास्त! एकाच गाडीत दोन्ही खरं कसं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळेना. स्कूटर आणि कॅरिअर मिळून १५० किलोच तर आहेत. तीही काढून पुन्हा वजन केलं. मागे २,७८०, पुढे १,२५०. १५० किलो उतरवले आणि मागचे २३० कमी झाले, वर पुढचे ८० वाढले. काटेवाल्याला वाटलं यंत्र चुकलं, म्हणून त्याने पुन्हा घ्यायला लावलं. तेच आलं.

प्रश्न दोन. मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवून घ्यावा का? गॅरेजमध्ये तोच सल्ला मिळाला. आणि टाकी पलंगाखालून काढायचीच झाली तर कुठे न्यावी?

ऊसपट्टा (वाळवा)

दादा, काटा बरोबर आहे. तुमची गाडी उलाळ झाली.

आमच्याकडं ऊस कारखान्याला टायरगाडीतनं जातो. मोळ्या मागं जास्त पडल्या की जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर काही राहत नाही. गाडी चढाला लागली की जोतं गळ्याला फास बसल्यासारखं वर ओढतं. त्याला उलाळ म्हणतात. आमचे आजोबा गाडी भरताना सगळ्यात आधी जू हातानं उचलून बघायचे. हाताला जड लागलं की ठीक, हलकं लागलं तर दोन मोळ्या मागनं काढून पुढं टाकायच्या. एकूण ऊस तेवढाच, पण बैल चालतात.

तुमच्या गाडीला बैलांच्या मानेच्या जागी पुढची चाकं आहेत, एवढाच फरक. तुम्ही चाकामागं जे टांगलं त्यानं पुढची मान उचलली. उचललेलं ओझं हवेत जात नाही, ते मागच्या चाकावरच येऊन बसतं. म्हणून १५० चे २३० झाले.

वारणाकाठ (सांगली)

ऊसपट्टा यांनी जे सांगितलं त्याचं गणित देतो. मी वालचंदला यंत्र अभियांत्रिकी शिकलो, पण इतकं सोपं करून वर्गातही ऐकलं नव्हतं.

दोन मापं घ्यायची. एक, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस. दुसरं, मागच्या चाकाच्या मध्यापासून ओझ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. जो अपूर्णांक येईल तेवढ्या पटीनं ओझं पुढच्या एक्सलवरून उचललं जातं, आणि मागच्यावर मूळ ओझं अधिक तेवढंच पडतं.

ठोसेघरकर, तुमचा व्हीलबेस साधारण ४ मीटर असावा. स्कूटर चाकामागे किती?

ठोसेघरकर

आत्ता टेप घेऊन बघून आलो. व्हीलबेस ४.० मीटर. चाकाच्या मध्यापासून बंपर १.९, आणि स्कूटरचा मध्य बंपरच्या बाहेर अर्धा मीटर. म्हणजे २.४.

वारणाकाठ

२.४ भागिले ४ म्हणजे ०.६. १५० चे ०.६ म्हणजे ९०. पुढून ९० गेले, मागे १५० अधिक ९०, म्हणजे २४० आले. काट्यावर तुम्हाला ८० आणि २३० दिसले, कारण मोठे काटे सहसा १० किलोच्या टप्प्यानंच दाखवतात.

आता टाकी. पलंगाखालची टाकी चाकामागे १.२ मीटर धरली तर अपूर्णांक ०.३. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. मागे २६०, पुढून ६० कमी. म्हणजे स्कूटरपेक्षाही टाकीनं मागचा एक्सल जास्त दाबला आहे, ती डोळ्यांना दिसत नाही एवढंच. पण पुढची चाकं उचलण्यात स्कूटर पुढे आहे, कारण ती शेपटीच्या टोकाला आहे. दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि वेगवेगळी मोजायला हवीत: मागे किती जास्त झालं, आणि पुढे किती उरलं.

घाटात काय झालं तेही सांगतो. चढावर गाडीचं वजन आपोआप मागे सरकतं. दर १० मीटरला १ मीटर चढ, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.३ मीटर उंच धरला, तर ४,१८० किलोच्या गाडीत आणखी १३५ किलोच्या आसपास पुढून मागे जातं. तुमच्या पुढच्या चाकांवर सपाटीला ११७० होते, चढावर १,०३५ राहिले. एकूण वजनाचा चौथा हिस्सा. ओल्या रस्त्यावर, वळणावर, तेवढ्या भारानं गाडी वळवायची होती. तुम्ही पाय सोडलात ते फार चांगलं केलंत. ओढ कमी झाली की थोडं वजन पुढे येतं, त्यानं चाकं धरली.

कमानपाटा (मिरज)

मी गॅरेजवाला. पाट्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो: नको.

पाटा वाढवला की मागची बाजू वर येते, गाडी सरळ दिसते, दिवेही खाली येतात. मालकाचं समाधान होतं. पण काट्यावर परत नेलीत तर मागे तेच ३,०१० येणार. पाटा हे ओझं उचलून धरतो, कमी करत नाही. पाट्याला जोड म्हणून बसवतात त्या हवेच्या फुग्यांचंही तेच. २,९०० हा आकडा पाट्याचा एकट्याचा नाही. त्यात एक्सलची नळी आली, हबचं बेअरिंग आलं, चाकाचे नटबोल्ट, ब्रेकचे ड्रम, टायर आले. ह्यातला जो सगळ्यांत कमी पेलतो, त्याच्यावर कंपनी मर्यादा ठरवते. पाटा घालून तुम्ही एकालाच बळ दिलंत. बाकीच्यांना त्रास आहे तो आहेच, आणि आता तो दिसतही नाही.

टायरचं उदाहरण घ्या. मागे जोडचाकं असतील तर टायरवर ११२/११० असा आकडा सापडेल. एकेरी लावला तर १,१२० किलो, जोडीत लावला तर १,०६०, तेही हवा पूर्ण असताना. चार टायर म्हणजे ४,२४०. टायर बघून माणूस म्हणतो, अजून हजार किलो घाला. तसं नसतं. पाटीवर २,९०० लिहिलंय तर २,९००.

दुसरं म्हणजे कॅरिअर कुठे जोडलंय ते बघा. बंपरला असेल तर आजच काढा. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला असेल तर मागच्या पाट्याच्या हँगरजवळ (पाटा जिथे चेसिसला टांगलेला असतो तिथे) चेसिसच्या वरच्या पट्टीला आडवी भेग आहे का ते रंग खरवडून बघा. शेपटीला लटकलेलं वजन तिथेच वाकवतं. खड्ड्यात आदळताना तेच १५० किलो क्षणभर दुप्पट तिप्पट होऊन खेचतात. आणि वेल्डिंग करून चेसिस लांबवण्याच्या भानगडीत पडू नका. शिजलेल्या पोलादात मूळची ताकद राहत नाही.

महामार्ग४८

एवढं काय त्यात? आमच्या ट्रका दोन दोन टन जास्त घेऊन खंबाटकी चढतात. वर्षानुवर्षं चाललंय.

कमानपाटा

साहेब, ट्रकचा माल हौद्यात असतो, बराचसा दोन एक्सलच्या मधे. त्यामुळे पुढच्या चाकांवरही वजन वाढतं, स्टिअरिंग जड होतं. इथे उलट झालंय, पुढचं कमी झालंय. आणि दोन टन जास्त घेणाऱ्या गाड्यांचे ड्रम, बेअरिंग आणि फुटलेले टायर माझ्याकडे येतात. माणसं आली की आधी ‘वाचलो’ म्हणतात. मी ते शब्द फार वेळा ऐकलेत.

वारणाकाठ

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल मर्यादेपलीकडे मागे किंवा बाजूला बाहेर आला तर त्याचे वेगळे २०,०००. गाडीची शेपूट, म्हणजे मागच्या चाकामागचा भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको असा केंद्रीय नियम आहे. ४ मीटरला २.४. तुमची बॉडी १.९ मध्ये आहे, पण बाहेर टांगलेली स्कूटर मागचे दिवे आणि नंबरपाटी झाकते का तेही बघा. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. नवी गाडी करून घेणाऱ्यांनी बनवणाऱ्याला त्याबद्दल सुरुवातीलाच विचारावं.

वाईकरीण (वाई)

वाचनखूण साठवली. आमची गाडी छोटी, व्हीलबेस ३.३५ मीटर. पसरणी घाटात मला हाच अनुभव आला होता, पण स्टिअरिंग ढिलं झालंय असं वाटून मी दोनदा अलाइनमेंट करून घेतलं.

हा धागा वाचून वहीवर आकडे मांडले. दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, ११० किलो, चाकामागे एक मीटर. मागे १४३, पुढून ३३ कमी. त्याच बॅटऱ्या ड्रायव्हरच्या सीटमागे, म्हणजे मागच्या चाकापुढे अडीच मीटरवर नेल्या तर पुढे ८२ आणि मागे २८. काहीही न टाकता, फक्त जागा बदलून मागचा एक्सल ११५ किलोनं हलका! हे बरोबर आहे का कुणी तपासाल? आणि घरगुती सिलिंडर मागच्या दाराशी आहे, त्याचं काय करू?

वारणाकाठ

ताई, अगदी बरोबर. फक्त पुढच्या एक्सलची मर्यादा पाटीवर बघून घ्या, म्हणजे तिकडे जास्त व्हायला नको. बॅटऱ्या बसायच्या जागेजवळ येतायत, तर त्यांना बंद खोका आणि बाहेर जाणारी वायुवाट हवीच, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. भरलेला सिलिंडर, १४.२ किलो गॅस आणि टाकी धरून, ३० किलोच्या आसपास. त्याच्यासाठी वजनाचा विचार दुय्यम. हवा खेळणारं, खालून उघडं कपाट जिथे नीट होईल तिथेच तो ठेवा.

राईनकाठचा_सांगलीकर (जर्मनी)

मूळचा विश्रामबागचा. इकडे मोटरहोम घरोघरी दिसतात आणि स्कूटर कॅरिअरवरून हीच चर्चा होते. इकडच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतच चालवता येतं, त्यामुळे लोक एकूण आकडा फार जपतात आणि एक्सलचा विसरतात. वर बऱ्याचशा गाड्या फियाट डुकाटोवर बांधलेल्या, ज्यांची पुढची चाकं ओढतात. शेपटीला ओझं लावलं की ओढणारी चाकंच उचलली जातात. ओल्या गवतावर मुक्काम केलेली गाडी सकाळी जागेवर चाक फिरवत बसते. आपल्याकडच्या अशा गाड्यांत बहुधा मागची चाकं ओढतात, म्हणून चढायला अडत नाही आणि धोका वळायला लागेपर्यंत कळत नाही.

एक गोष्ट इथे शिकलो ती सांगतो. वापरलेलं पाणी विसरू नका. सकाळी स्वच्छ टाकी भरलेली असते, संध्याकाळपर्यंत ते पाणी मोरीच्या टाकीत उतरतं. वजन तेवढंच राहतं पण जागा बदलते. मोरीची टाकी शेपटीला असेल तर सकाळी बरी असलेली गाडी संध्याकाळी उलाळ होते. (हा शब्द इतक्या वर्षांनी वाचला. आजोळच्या खळ्यावरचा आहे.)

ठोसेघरकर

माझी मोरीची टाकी शेपटीलाच आहे! हे लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

कमानपाटा

मग टाकीचं ठरवूया. स्वच्छ पाण्याची टाकी ओट्याखाली, मागच्या चाकापुढे आणा. मोरीची टाकी चाकाच्या अगदी जवळ. टाकीत आडवे पडदे घालून घ्या, नाहीतर अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक मारला की पुढे आणि वळणावर बाजूला आपटतं. आणि प्रवासात पाणी ४० लिटरच ठेवा. कासला पोचण्याआधी साताऱ्यात भरा, एवढीच गोष्ट आहे.

ऊसपट्टा

काट्यावर घेताना एक सांभाळा. एक्सल एक्सल मोजताना काट्याची पाटी आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत पाहिजे. बाहेरची चाकं खाली राहिली तर आकडा खोटा येतो. गिअर काढून, हँडब्रेक सोडून उभी करा, पण सपाटीला आणि चाकाला दगड लावून. पुढचा, मागचा, आणि सगळी गाडी, अशी तीन वजनं घ्या. दोघांची बेरीज तिसऱ्याशी जुळली तरच चिठ्ठी खरी. आणि रिकामी गाडी तोलून काही कळत नाही. माणसं, भांडी, गाद्या, डिझेल, सगळं घेऊन, जसं निघता तसंच जा.

वाईकरीण

आमच्याकडे मागच्या बाकावर सासूसासरे बसतात. ते दोघं १३० किलो. त्यांना पुढे बसवलं तर?

वारणाकाठ

वजनाचा फायदा होईलच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे धावत्या गाडीत माणूस बसेल ती सीट चेसिसला धरलेली आणि पट्ट्याची हवी. पलंगावर किंवा लाकडी बाकावर कुणालाच नको, मग वजन कुठेही बसो.

ठोसेघरकर (तीन आठवड्यांनी)

काम झालं. सगळं नीट सांगतो.

टाकी ओट्याखाली आली, मागच्या चाकापुढे दीड मीटर. आधी हिशोब केला होता: टाकीचे मागे २६० होते ते १२५ होतील आणि पुढचे उणे ६० चे अधिक ७५. स्कूटर घरीच राहील. तिच्या जागी हलक्या कॅरिअरवर दोन सायकली, कॅरिअर धरून ५० किलो. मोरीची टाकी चाकालगत घेतली. चेसिस खरवडून बघितली. डाव्या बाजूला हँगरच्या मागे केसासारखी भेग होती, बोटभर लांब. कमानपाटा, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही ती बघितलीच नसती. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेऊन त्यांच्या पद्धतीनं दुरुस्त करून घेतली.

काल टाकी भरून, चौघंजण बसून, त्याच काट्यावर गेलो. हिशोबानं पुढे १,३६५ आणि मागे २,७१५ यायला हवे होते. चिठ्ठीवर पुढे १,३६०, मागे २,७२०, एकूण ४,०८०. काटेवाल्यानं मला ओळखलं आणि वही मागून घेतली. त्याच्या भावाच्या टेम्पोला मागे जनरेटर बसवायचाय म्हणे. त्याला गणित लिहून दिलं.

तिथून यवतेश्वर चढलो. पाऊस नव्हता, त्यामुळे पूर्ण खात्री देत नाही. पण स्टिअरिंग हाताला जड लागलं, आणि पहिल्यांदाच ते जड लागल्याचं बरं वाटलं. डावं उजवं वजन अजून मोजलेलं नाही. ओटा, टाकी आणि फ्रिज तिन्ही आता डाव्या अंगाला आलेत.

ऊसपट्टा

ते आधी मोजा. एका अंगाच्या चाकांखाली काटा येईल अशी गाडी उभी करायला जागा लागते. सांगलीकडं आलात तर आमच्या वाटेवर एक रुंद काटा आहे, दोन्ही बाजू सपाट. हंगाम सुरू व्हायच्या आत या, नंतर उसाच्या गाड्यांची रांग लागते.